कितनी मूर्ती? नर्मदेच्या काठी पाहुणा होताना

नर्मदेच्या परिक्रमेत, म्हणजे नदीला पायी प्रदक्षिणा घालताना, काठच्या कुठल्याही दारात उभं राहून ‘नर्मदे हर’ म्हटलं की आतूनही ‘नर्मदे हर’ येतं आणि पाठोपाठ प्रश्न येतो, “कितनी मूर्ती?” नाव-गाव मागाहून. किती जणांची कणीक मळायची, एवढंच त्या घराला त्या घडीला हवं असतं. म्हणून उत्तर नेमकं द्यावं: “तीन मूर्ती, दादा. दो बाबाजी, एक माताराम,” म्हणजे दोन पुरुष, एक बाई. मागून कोणी लंगडत येत असेल तर त्यालाही याच वेळी मोजायचं. तवा उतरल्यावर चौथा माणूस दारात आला, तर घरातली बाई आपल्या वाटणीची भाकरी त्याच्या ताटात टाकते आणि तसं कळूही देत नाही.

इंदूरच्या मराठी वस्त्यांतून, म्हणजे रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, राजेंद्रनगर इकडून, दर वर्षी कोणी ना कोणी परिक्रमेला निघतं. आम्हीही त्यांतलेच. ओंकारेश्वर आमच्यापासून जेमतेम ७७ किलोमीटर. हिंदी आम्ही दिवसभर बोलतो, त्यामुळे भाषेची अडचण नाही असं वाटतं. पण सिमरोलचा घाट उतरून निमाडात गेलं की ‘है’च्या जागी ‘छे’ ऐकू येऊ लागतं, आणि शूलपाणीच्या डोंगरात पोचेपर्यंत आपली इंदुरी हिंदीही थिटी पडते. एक गोष्ट घरूनच मोडून जावी: ऊठसूट ‘भिया’ म्हणण्याची सवय. इंदूरच्या राजवाड्यावर ती गोड लागते, काठावर ‘दादा’ आणि ‘माई’ बरं.

परिक्रमेचा नियम सरळ आहे. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती कुठेही ओलांडायची नाही. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर; दोन्ही काठ मिळून २६०० च्या वर होतात, आणि धरणांच्या फुगवट्याला वळसे घालताना प्रत्यक्ष चाल आणखी वाढते. शास्त्रात तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस सांगितले आहेत. रोज २० ते २५ किलोमीटर चालणाऱ्याला चार महिने, थोडं रमतगमत गेलं तर पाच. चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी थांबतात, म्हणून कार्तिकी एकादशीनंतर, इकडच्या भाषेत देवउठनी ग्यारस झाली की, निघायचं.

ओंकारेश्वरहून निघालं की आधी दक्षिण तट लागतो, आणि इंदूर आहे उत्तरेला. म्हणजे पहिले कित्येक आठवडे घर हाकेच्या अंतरावर, पण मध्ये नर्मदा मैया. मोरटक्क्याच्या पुलावरून बसने येताना आपण नदीत नाणं टाकतो. संकल्प केल्यावर त्या पुलावरून परत फिरता येत नाही. घरात कोणाचं ऑपरेशन, लग्न, मुलांच्या परीक्षा असतील तर हा हिशेब आधीच घरच्यांना समजावून ठेवावा. ‘एवढं जवळ आहे, एक रात्र येऊन जा’ असा फोन दुसऱ्याच आठवड्यात येतो.

सरवटे बसस्थानकावरून ओंकारेश्वरची बस अडीच-तीन तास घेते. आदल्या दिवशी पोचावं. ओंकाराचं मंदिर मांधाता बेटावर आहे, संकल्पानंतर तिकडे जाता येत नाही, तेव्हा ते दर्शन आधी उरकायचं आणि मग दक्षिण तटावर ममलेश्वराच्या बाजूला मुक्काम. सकाळी गोमुख घाटावर मुंडन, संकल्प, कन्यापूजन आणि मैयाला कढाई, म्हणजे शिरा. सव्वापाव रवा, तितकीच साखर, निम्मं तूप, रव्याच्या तिप्पट पाणी. पाच-सात कन्यांना पुरतं. एका लहान बाटलीत नर्मदेचं पाणी भरून घ्यायचं, ते शेवटपर्यंत सोबत. परिक्रमावासी असल्याचं प्रमाणपत्र करून घ्यायचं, त्यासाठी आधारकार्डाची प्रत आणि दोन फोटो लागतात, आणि एक जाड पुठ्ठ्याची वही. या वहीत मुक्कामाच्या गावचा शिक्का, सही आणि तारीख घेत जायचं. अनोळखी गावात सरपंचाला किंवा आश्रमातल्या महाराजांना ही वही दाखवली की पुढचं बोलणं सोपं होतं.

सामानाबद्दल एवढंच: पाठीवर सात-आठ किलोच्या वर जाऊ देऊ नका. अंगावरचा एक आणि धुवायचा एक असे दोन जोड, एक कांबळं, अंथरायला सहा फुटी प्लास्टिकचा कागद, हातात दंड, विजेरी, सुईदोरा. बर्तन बाजारातून पातळ ॲल्युमिनियमचं एक पातेलं, लहान तवा, ताटली घ्यावी. स्टीलचं वजन पंधराव्या दिवशी खांद्याला कळतं. गोळ्या-औषधं स्वतःची. खाण्याचं काही नको. इंदुरी माणूस शेव, जिरावन मसाला आणि लोणच्याची बरणी घेतल्याशिवाय निघत नाही, पण तीन किलो शेव पाठीवर घेऊन बडवानीपर्यंत चालण्यात काही अर्थ नाही, आणि दुसरं असं की आपल्या पिशवीतलं खाऊन पोट भरलेला माणूस दारात उभा राहिला तर त्या घरच्या भाकरीला न्याय देऊ शकत नाही.

आता पाहुणचार कसा चालतो ते. काठावर याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींची वागण्याची तऱ्हा वेगळी. आश्रमात किंवा अन्नक्षेत्रात तयार जेवण मिळतं, त्याला भोजन-प्रसादी म्हणतात. सकाळच्या न्याहारीला बालभोग. दुसरा प्रकार गावातल्या घराचा: ओसरीवर, मंदिरात किंवा शाळेच्या पडवीत आसन लावायला सांगतात आणि ताट घरून येतं. तिसरं सदावर्त, म्हणजे कोरडा शिधा देतात, स्वयंपाक आपण करायचा. ‘आसन लगाओ’ म्हटलं की झोळी उतरवून त्याच जागी अंथरूण घालायचं. ती जागा एकदा घेतली की रात्रभर तीच. इथं वारा लागतो, तिथं पंखा आहे असं करत हलायचं नाही.

झोळीतून सर्वांत आधी ती पाण्याची बाटली निघते. ती जमिनीवर ठेवत नाहीत. घरातली बाई स्वतःहून पाट किंवा स्वच्छ फडकं आणते, बाटली देव्हाऱ्यात बसवते, कुंकू लावते, संध्याकाळी तिची आरती होते. निमाडातल्या एखाद्या मातीच्या घरात हे जवळून पाहावं: प्लास्टिकची अर्ध्या लिटरची बाटली, वरचं लेबल निघालेलं, तिच्या गळ्याला लाल नाडा, सासू हातानं वाऱ्याचा आडोसा करून निरांजन ओवाळते आहे आणि शेजारी शाळेच्या गणवेशातली नात घंटी धरून उभी आहे. आपल्याला जे ताट मिळतं ते या बाटलीला आणणारा म्हणून मिळतं. हे डोक्यात पक्कं असलं की ‘त्यांनी आपल्याला का म्हणून द्यावं’ हा शहरी संकोचही जातो आणि मिळालं नाही तर येणारा रागही जातो.

वेळेचं गणित सगळ्यांत महत्त्वाचं. पहाटे उजाडताच निघायचं, दहा-साडेदहाच्या सुमारास जिथं भोजन-प्रसादी असेल तिथं थांबायचं, आणि दुपारी चारच्या आत मुक्काम धरायचा. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. कापूस वेचून बाया पाचच्या पुढे घरी येतात आणि लगेच चूल पेटते. आपण चारला पोचलो असलो तर आपली संख्या त्यांच्या कणकेत धरलेली असते. सातला पोचलो तर चूल विझलेली असते, आणि दिवसभर शेतात वाकलेली ती बाई आपल्यासाठी ती पुन्हा पेटवते. नाही म्हणत नाही. नकार येत नाही म्हणूनच उशिरा जायचं नाही, हा आमच्या मते काठावरचा पहिला नियम.

दुसरा, एका घरावर किती जणांनी जायचं. तीन-चार मूर्ती घराला जड होत नाहीत. आठ-दहाचा जथा असेल तर आधीच फुटावं: तीन जण या गावात, बाकीचे पुढच्या किंवा मागच्या. मोठ्या जथ्यानं आश्रम धरावा, तिथं पन्नास माणसांचं पातेलं रोजच चढतं.

चहाचं वेगळंच प्रकरण. रस्त्याच्या कडेला माणसं उभी असतात, शेतातून पोरं पळत येतात, “बाबाजी, चाय पी के जाओ”. दिवसात दहा-बारा कप सहज होतात, निमाडातला चहा गोड आणि दुधाळ, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पित्त उसळतं. सरळ ‘नको’ म्हटलं तर समोरचा हिरमुसतो. काहींनी त्या दिवसातला पहिला परिक्रमावासी येईपर्यंत स्वतः चहा घेतलेला नसतो. यावर उपाय म्हणजे हात जोडून “दादा, प्रसाद के दो घूँट” म्हणायचं आणि खरंच दोन घोट घ्यायचे. पेल्यात ओतायच्या आधी सांगायचं, ओतल्यावर उरवायचं नाही. गूळ-पाणी किंवा ताक आहे का विचारलेलंही चालतं, ताक तर बहुतेक घरी असतंच.

सदावर्ताबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण नवख्या माणसाची तारांबळ इथंच उडते. एका मूर्तीमागे साधारण पाव किलो कणीक, एक मूठ डाळ, कधी तांदूळ, दोन बटाटे, हिरवी मिरची, मीठ-हळद आणि द्रोणात थोडं तेल असं मिळतं. दुकानदार किंवा आश्रमाचा सेवक पातेली देईल, नाहीतर आपली आहेतच. लाकडं मागून घ्यायची, कोणाच्या कुंपणाच्या काट्या ओढायच्या नाहीत. तीन दगड मांडून चूल करताना तिचं वाऱ्याकडचं तोंड अर्धवट बंद ठेवायचं. पातेलं चढवण्याआधी बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप द्यायचा; काजळी त्या लेपावर बसते आणि नंतर हातानं धुऊन निघते. हे विसरलं तर सकाळी अर्धा तास घासण्यात जातो आणि काळे हात कपड्यांना लागतात ते वेगळं.

डाळ तुरीची असेल तर मुक्कामाला पोचल्याबरोबर, अंघोळीच्याही आधी, भिजत टाकावी. एक वाटी डाळीला चार वाट्या पाणी. मीठ शेवटी. भिजलेली डाळ उघड्या पातेल्यात पाऊण तासात शिजते, न भिजवलेली दीड तास घेते आणि तरी बोटाखाली कच लागतो. मूगडाळ मिळाली तर हा प्रश्न येत नाही. कणीक घट्ट मळायची, पुरीला मळतो त्याहून किंचित सैल, आणि झाकून वीस मिनिटं ठेवायची. पाव किलोचे तीन टिक्कड होतात, बोटभर जाडीचे, पोळपाट लागत नाही, हातावर थापायचे. तवा तापला की एका बाजूनं तीन-चार मिनिटं, उलटून तितकंच, मग तवा उतरवून टिक्कड निखाऱ्यांच्या कडेला उभा टेकवायचा आणि फिरवत राहायचं. ज्वाळा मोठी ठेवली की वरून करपतो आणि आत पीठ कच्चं राहतं, रात्री पोटात दुखतं. ठोकल्यावर पोकळ आवाज आला की झाला. तूप असेल तर उत्तम, नसेल तर मिरची आणि मीठ दगडावर वाटून त्याच्याशी. पहिला टिक्कड मैयाला दाखवून कुत्र्याला आणि गाईला घालतात.

शिधा उरला तर? परत करायचा. उद्याच्या सोयीसाठी झोळीत भरून न्यायचा नाही, उद्याचं उद्या मिळतं. सेवकाला नेऊन दिला की तो दुसऱ्या मूर्तीच्या कामी येतो. चुलीची राख गोळा करून खताच्या खड्ड्यात, जागा झाडून-सारवून पूर्ववत.

निमाडातलं घरचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी, जिला इकडे अमाडी म्हणतात. खरगोन जिल्हा मिरचीचा, बेडियाची मिरचीची मंडी प्रसिद्ध, त्यामुळे भाजी आपल्या इंदुरी जिभेला झणझणीत लागते. पोह्यांवर साखर आणि शेव घालणारे आपण. पहिल्या दोन दिवसांत डोळ्यांतून पाणी येतं. ‘तिखट आहे’ म्हणू नये, ‘थोडं ताक’ म्हणावं. ताक नसेल तर अंबाडीच्या भाजीवर कच्चं तेल घेतात, तेही तोडगा म्हणून चांगलं. हातावर थापलेली ही भाकरी मऊसूत असते, कडा किंचित फुटलेल्या, आणि ती थेट तव्यावरून ताटात पडते. तिसरी वाढायला बाई आली की हात आडवा करायचा तो ताटावर, तिच्या हातावर नाही, आणि त्याआधीच्या घासाला सांगायचं. ताटात टाकणं या काठावर फार वाईट समजतात.

आश्रमांत कांदा-लसूण नसतो. उपासाचंही आधी सांगावं. मराठी माणसांचे उपास पुष्कळ: एकादशी, चतुर्थी, सोमवार, गुरुवार. ताट समोर आल्यावर “आज माझा उपास” म्हटलं की घरात धावपळ होते, कोणाला तरी भगर आणायला दुकानात पिटाळतात, तिला इथं मोरधन म्हणतात. चारला पोचताच सांगितलं तर तेवढी अडचण होत नाही. आम्ही तर म्हणू की परिक्रमेत एकादशी ठेवावी आणि बाकीचे उपास मैयाच्या पदरात घालावे.

माताराम सोबत असतील तर त्यांची झोपायची सोय बहुधा आत, घरातल्या बायकांबरोबर होते. पाळीच्या दिवसांत बाटलीला हात लावायचा नाही आणि देवघरात जायचं नाही असं बहुतेक घरं-आश्रम मानतात. घरातल्या थोरल्या बाईला आल्याबरोबर स्पष्ट सांगितलं की ती गाजावाजा न करता वेगळी जागा, गरम पाणी, हवं तर एक-दोन दिवस जास्तीचा मुक्काम, सगळं करते. ज्या बायका संकोचून गप्प राहिल्या त्यांचेच हाल झालेले आम्ही पाहिले. सकाळी दिशेला कुठं जायचं हेही रात्रीच विचारून ठेवावं, नाहीतर अंधारात कोणाच्या तरी हरभऱ्यात पाय पडतो. नदीत साबण लावायचा नाही, कपडे धुवायचे नाहीत. पाणी बादलीत काढून काठापासून दूर.

दक्षिण तटावर ओंकारेश्वरहून चार-पाच दिवसांच्या आत रावेरखेडी लागतं. थोरले बाजीराव पेशवे २८ एप्रिल १७४० ला इथं वारले. त्यांच्या समाधीपाशी मराठी परिक्रमावासी हमखास थांबतो, आणि गावकरीही तोंडावरून ओळखून ‘महाराष्ट्र से?’ विचारतात. ‘इंदूरचे’ म्हटलं की त्यांना जरा गंमत वाटते, मग अहिल्यामातेचं नाव निघतं. या पट्ट्यात त्यांच्या नावानं दारं उघडतात.

बडवानीच्या पुढं शूलपाणीची झाडी. सरदार सरोवरामुळे जुनी वाट पाण्याखाली गेली, आता वाट वरच्या डोंगरांतून आहे, चढ-उतार छातीवर येणारे. एके काळी इथं परिक्रमावासींना लुटत, अंगावरचे कपडेसुद्धा नेत, आणि लुटणाऱ्या भिलांना परिक्रमावासी ‘मामा’ म्हणत. आज त्याच डोंगरांत मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ मिळते आणि वाट चुकलं तर पोरगा अर्धा डोंगर सोबत येतो. पण इथं एक तारतम्य हवं. पाड्यावरच्या घरात वर्षाचा मका मोजून ठेवलेला असतो. तिथं एका वेळचं जेवण घ्यावं, दुसऱ्या वेळेला पुढं सरकावं, आणि भाकरी मागून घेऊ नये. महाराष्ट्राच्या हद्दीत, नंदुरबारच्या धडगाव भागात, अचानक जिल्हा परिषद शाळेची मराठी पाटी दिसते. घरातली बोली भिली किंवा पावरी, पण मास्तर मराठी, आणि शाळेच्या खोलीत रात्र काढायला मिळते. सकाळी शाळा भरायच्या आत ती रिकामी करून, झाडून द्यावी.

मुलांना वाटेत चॉकलेटं वाटू नका. आमचं हे मत ठाम आहे. काही गावांत पोरं आता परिक्रमावासी दिसला की हात पुढं करून धावतात, आणि ती सवय आपणच लावली. द्यायचं असेल तर वह्या-पेन्सिली शाळेच्या मास्तरांकडे. घरच्या माणसांना पैसे देऊ केले तर ती दुखावतात. कन्येच्या हातात दक्षिणा द्यावी, ती घेतात. आश्रमात दानपेटी असते.

गुजरातेत शिरलं की खिचडी-कढी, गोड डाळ, ताक, आणि आश्रमांची व्यवस्था चोख. दक्षिण तटाचा शेवट विमलेश्वरला. तिथून बोटीनं खाडी ओलांडून उत्तर तटावर मिठी तलाईला उतरतात. नदी समुद्राला मिळालेली असते म्हणून हे ओलांडणं धरत नाहीत. बोट भरतीच्या वेळेवर सुटते, कधी मध्यरात्री, कधी पहाटे, आणि गर्दी असली तर एक-दोन दिवस थांबावं लागतं. नाव नोंदवून तिथंच राहायचं, गावात भटकायला गेलं की बोट चुकते. पोट हलकं ठेवून चढावं. बोटीत तीन-चार तास सहज जातात आणि आडोसा नाही.

मग उत्तर तट. नारेश्वर, गरुडेश्वर इथं टेंबे स्वामींच्या परंपरेमुळे मराठी ऐकू येतं. आणि पुढे महेश्वर. इथून इंदूर ९० किलोमीटर, आणि आता एकाच तटावर! अडवायला पाणीही नाही. फक्त संकल्प आहे. घरची मंडळी रविवारी गाडी काढून घाटावर भेटायला येतातच, तेव्हा त्यांना आधी फोनवर सांगून ठेवावं: आमच्यासाठी श्रीखंडाचे डबे आणू नका. ज्या आश्रमात उतरलोय तिथं दहा किलो कणीक, पाच किलो तूरडाळ, तेलाचा डबा आणि चार कांबळी आणा. जानेवारीत कांबळ्यांची सर्वांत जास्त गरज असते, परिक्रमावासी रोज नवे येतात आणि आश्रमातली कांबळी पुरत नाहीत. घरून आणलेलं गोडधोड पंगतीत सगळ्यांना पुरेल एवढं असेल तरच उघडावं.

महेश्वर-मंडलेश्वर सोडलं की पुन्हा घर मागं पडत जातं. नेमावर, मग जबलपूरकडचा लांबचा पल्ला. मंडल्याच्या आसपास गोंडांच्या गावांत कोदो-कुटकीचा भात आणि पेज मिळते; उन्हात चालून आल्यावर ती पातळ, किंचित आंबूस पेज मिठाच्या खड्याबरोबर प्यायली की पाय पुन्हा उचलतात. अमरकंटकची उंची हजार मीटरच्या वर, थंडी मार्चच्या सुरुवातीलाही बोचते, आपलं कांबळं तिथपर्यंत कोणाला देऊन टाकू नये. उगमाला वळसा घालून दक्षिण तटानं परत निघालं की शेवटचा महिना उन्हाचा. सकाळी पाचला निघून दहाला थांबायचं, आणि घरोघरी दारात माठ ठेवलेले असतात, त्यातलं पाणी ओंजळीनं प्यायचं, पेला बुडवायचा नाही.

ओंकारेश्वरला दक्षिण तटावर परत पोचलं की फेरा पुरा होतो. आता पूल ओलांडता येतो, आणि बाटलीतलं पाणी ओंकाराला वाहिलं की परिक्रमा संपली. पण वही राहते, आणि तिच्याबद्दल एक कळकळीची सूचना. वाटेत ज्या घरांत फोटो काढले त्यांना ‘पाठवतो’ म्हटलेलं असतं. मोबाइलवर पाठवलेला फोटो घरातल्या म्हातारीपर्यंत पोचत नाही. इंदूरला आल्यावर पहिल्या पंधरवड्यात प्रिंट काढाव्यात, मोठ्या आकाराच्या, आणि पोस्टानं पाठवाव्यात. पत्ता मुक्कामालाच वहीत लिहून घ्यायचा: घरच्या कर्त्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, पाडा किंवा मोहल्ला, गाव, पोस्ट, तहसील, जिल्हा, पिनकोड. यातला ‘पोस्ट’ लोक विसरतात. लहान गावाचं टपाल शेजारच्या मोठ्या गावात येतं, त्या गावाचं नाव नसेल तर पाकीट दीड महिन्यानं परत येतं, एका कोपऱ्याला मुडपलेलं. पाठीमागे पुठ्ठा घालायचा आणि वर ‘फोटो’ असं हिंदीत लिहायचं.